व्यंगचित्रकाराच्या ताटात कोण वाढतं?

इंदूरला पाहुणे आले की आम्ही त्यांना लालबागेत नेतो, आणि पाहुणे आधी फाटकापाशी थबकतात. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर ते इंग्लंडात ओतवून घेतलेलं आहे. 1886 साली, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात या वाड्याचं काम सुरू झालं आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत, 1921 साली ते पुरं झालं. संगमरवर, झुंबरं, छतावरची चित्रं, सगळं डोळे दिपवणारं. मला मात्र या वाड्याचा मुदपाकखाना महत्त्वाचा वाटतो. तो नदीच्या पलीकडच्या काठावर बांधला आणि भुयारी वाटेनं वाड्याला जोडला. जेवण यायचं, पण चूल दिसायची नाही.

कलेच्या इतिहासातही आपण चूल पाहायची टाळतो. चित्र कोणत्या शैलीतलं, कोणत्या घराण्यातलं, हे विचारतो. चित्रकाराच्या घरी दाणे कुठून येत होते, हे विचारणं आपल्याला हलकं वाटतं. बाकी चित्रकारांच्या बाबतीत ते एक वेळ चालेल, उपहास करणाऱ्याच्या बाबतीत मुळीच नाही. ज्याच्या पंगतीला बसायचं त्याचंच व्यंग काढायचं, हे फार काळ निभत नाही. उपहासकाराला असा अन्नदाता लागतो, ज्याचं चित्र त्याला काढायचं नाही.

होळकरांच्या इंदुरानं कलेला हात आखडता घेतला नाही. 1927 साली इथे चित्रकलेची शाळा निघाली. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे शिकले, मकबूल फिदा हुसेन शिकले. निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं, रंगांची उत्तम जाण, हे सगळं या शाळेनं दिलं. राजाला टोचणारी रेष मात्र दिली नाही, आणि त्याबद्दल शिक्षकांना किंवा विद्यार्थ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. जानेवारी 1925 मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला यांचा खून झाला. खटल्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोचले आणि पुढच्याच वर्षी तिसऱ्या तुकोजीरावांनी गादी सोडली. उपहासाला याहून मोठा विषय कुठला असणार? पण दरबारच्या आश्रयानं जगणाऱ्या गावात तो काढायचा कुणी? ब्रिटिश मुलखातल्या पत्रांवरसुद्धा 1922 च्या कायद्याची टांगती तलवार होती. संस्थानिकांविषयी अप्रीती पसरवली तर शिक्षा, असं सांगणारा तो कायदा. मध्यवर्ती विधिमंडळानं तो नाकारला, तरी व्हाइसरॉयनं आपल्या अधिकारात तो लागू केला.

अमेरिकेत राजे नव्हते, पण प्रश्न हाच होता. थॉमस नास्ट 'हार्पर्स वीकली'साठी लाकडी ठोकळ्यावर उलटी चित्रं काढायचा, कोरणारे ती कोरायचे आणि आठवड्याला हजारो प्रती निघायच्या. न्यूयॉर्क महापालिका लुटणाऱ्या बॉस ट्वीडला म्हणे लेखांची फिकीर नव्हती, कारण त्याच्या मतदारांना वाचता येत नव्हतं. चित्रं मात्र त्यांना दिसत होती. ट्वीडच्या टोळीनं शाळांमधून हार्पर कंपनीची पाठ्यपुस्तकं हद्दपार केली, तरी प्रकाशक मागे हटला नाही. पुढे ट्वीड स्पेनमध्ये पळाला, तेव्हा 1876 साली तो ओळखला गेला तो नास्टच्या चित्रावरून. नास्टच्या नावावर हे सगळं यश जमा होतं, पण त्यात त्या प्रकाशकाच्या कण्याचाही वाटा आहे. 1886 मध्ये नास्ट तिथून बाहेर पडला. साठवलेला पैसा त्याआधीच एका बुडालेल्या पेढीत गेला होता. उतारवयात त्याला राष्ट्राध्यक्षांनी देऊ केलेली इक्वेडोरमधली सरकारी नोकरी पत्करावी लागली आणि 1902 मध्ये तो तिथेच पीतज्वरानं गेला. ज्यानं सत्तेला घाम फोडला, त्याला अखेर सत्तेच्याच दारी जावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

विसाव्या शतकातल्या वॉरिंग्टन कोलस्कॉटची चूल वेगळी होती. 1921 साली ओकलंडला जन्मलेला हा मुद्राचित्रकार 1949 ते 1986 विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवत होता. डिलिंजर नावाच्या दरोडेखोरावर त्यानं चित्रमालिका केली, मुद्राचित्रकलेच्या इतिहासावरही एक खट्याळ मालिका केली आणि तीत गोयाला रणभूमीवर नेऊन बसवलं. पगार विद्यापीठाचा, यंत्रं विद्यापीठाची, विषय स्वतःचा. गिऱ्हाइकाला रुचेल का, ही काळजी त्याला पोटासाठी करावी लागली नाही.

मराठीत विद्यापीठांनी हे केलं नाही. आपल्याकडे ते काम नांगराच्या कारखान्यानं आणि सिमेंटच्या कंपनीनं केलं.

1920 साली किर्लोस्करवाडीला 'किर्लोस्कर खबर' निघालं ते कारखान्याचं पत्रक म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं मासिक केलं आणि त्यात स्वतःची व्यंगचित्रं छापली. रूढी, बुवाबाजी, सोवळंओवळं यांच्यावर त्यांचा टाक चालला. वाडी औंध संस्थानात होती, पण मासिकाचा कणा नांगर-पंपांच्या धंद्याचा होता. एखादा सनातनी वाचक रागावून वर्गणी बंद करी, तेवढ्यानं चूल विझत नव्हती. हा कणा नसता तर त्या चित्रांची धार किती टिकली असती, याची मला शंका आहे.

वसंत सरवट्यांचं उदाहरण तर मला सर्वांत जवळचं. 1927 साली कोल्हापुरात जन्म, शिक्षणानं स्थापत्य अभियंता, एसीसी या सिमेंट कंपनीत अनेक वर्षं नोकरी. चित्रं काढायची ती नोकरीतून उरलेल्या वेळात. 'बटाट्याची चाळ'मधली त्यांची माणसं पाहा. पोट, बनियन, काठी, खांद्याचा उतार, एवढ्यात माणूस उभा राहतो. आणि मागचा जिना, कठडा असा असतो की इमारत कशी पेलते हे ठाऊक असलेल्याचा हात कळतो. 'ललित'मध्ये जयवंत दळवी 'ठणठणपाळ' होऊन साहित्यिकांची फिरकी घेत होते, तेव्हा त्या ठणठणपाळाला देह दिला सरवट्यांनी. 'ललित'च्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर त्यांनी वर्षानुवर्षं मराठी साहित्याचा दरबार मांडला. ज्यांच्या पुस्तकांना चित्रं काढायची त्यांचीच हजेरी घ्यायची, हे त्यांना जमलं, कारण महिन्याची मिळकत साहित्यविश्वातून येत नव्हती. याची किंमतही त्यांनी मोजली. दिवसाचा ताजा वेळ कंपनीचा, कलेच्या वाट्याला उरलेला. आपण त्याला 'छंद' म्हणून मोकळे होतो आणि हे मला मान्य नाही.

छंद न म्हणण्याचं आणखी एक कारण छापखान्यात आहे. त्या काळी रेखाचित्र काळ्या शाईत काढायचं, ब्लॉकमेकरकडे द्यायचं. तो त्याचा फोटो घेई, जस्ताच्या पत्र्यावर उतरवी आणि पत्रा आम्लात सोडी. रेष सोडून बाकीचा भाग आम्ल खाई, रेष वर राही. मग तो पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणायचा आणि मजकुराबरोबर एकाच दाबात छापायचा. कोलस्कॉटच्या तांब्याच्या पत्र्यावर आम्ल रेष खात होतं, इथे रेषेभोवतालचं सगळं. दोन्हीकडे हात, धातू, आम्ल, शाई आणि दाब. एकाच्या मोजक्या प्रती सहीनिशी संग्रहालयात जातात, दुसऱ्याच्या हजारो प्रती रद्दीत. हा भेद कलेच्या प्रतीचा नाही, विक्रीच्या पद्धतीचा आहे. तरी आपल्या कलेच्या इतिहासांनी तो प्रतीचा मानला आणि सरवट्यांना साहित्याच्या खात्यात ढकललं. साहित्यवाल्यांनी त्यांना पुस्तकाची सजावट मानली.

दुसरी एक वाटही मराठीत चोखाळली गेली. बाळ ठाकऱ्यांनी 1960 मध्ये स्वतःचं 'मार्मिक' काढलं. रेषेची ताकद त्यांच्याकडे अव्वल होती. 1966 मध्ये शिवसेना झाली आणि व्यंगचित्रकार स्वतःच सत्तेचा एक पक्ष बनला. त्यानंतरही चित्रं जोरकस होती, पण त्यांच्या नेमातून एक बाजू कायमची सुटली. स्वतःची चूल पेटवली तरी प्रश्न संपत नाही, तो फक्त दुसरीकडे सरकतो.

आज 'किर्लोस्कर' मासिक नाही, रोजच्या पत्रांमधून व्यंगचित्राची जागा आकसत चालली आहे, आणि समाजमाध्यमावर चित्र लाखांपर्यंत जातं पण दमडी देत नाही. नव्या मुलामुलींची रेष उत्तम आहे. ती दिवसा जाहिरात कंपनीत राबतात, आणि ज्या मालाचं कौतुक काढतात त्याच्याच मालकांचं व्यंग रात्री त्यांना काढता येत नाही. सिमेंटच्या कंपनीला सरवट्यांची रेष नको होती, फक्त हिशेब हवा होता. जाहिरात कंपनीला रेषच हवी असते. हा फरक मोठा आहे.

म्हणून वाचकांकडे आणि संपादकांकडे माझं सरळ मागणं आहे. दिवाळी अंकाच्या अंदाजपत्रकात चित्रांचं मानधन छपाई आणि कागदाच्या खाली, उरल्यासुरल्यात धरू नका. कवितेखाली कवीचं नाव येतं तसं चित्राखाली चित्रकाराचं येऊ द्या. आणि जुन्या ग्रंथालयांनी, इंदूरच्या आम्हा मराठी मंडळींच्या संस्थांनीही, बांधणी करताना अंकांची मुखपृष्ठं फाडून टाकणं आधी थांबवावं.