काठाचे देणे

चोरलेली वस्तू ज्याची त्याला परत केल्याशिवाय चोरीचे देणे फिटत नाही, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणीच शिकतो. परंतु जी वस्तू उचलून परत देता येत नाही, तिचे काय? एखाद्याची अब्रू घेतली, एखाद्याचा हात तोडला, एखाद्या नाल्याचा काठ मोडून टाकला, तर परत द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे? पहिल्या दोन उदाहरणांचा खल धर्मपंडितांनी शतकानुशतके केला आहे. तिसऱ्याचा विचार करण्याची वेळ भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हां लोकांवर आली आहे.

वैनगंगा आणि तिला मिळणाऱ्या बावनथडी, सूर, चुलबंद ह्या नद्यांच्या रेतीला बांधकामासाठी मोठी मागणी असते. पावसाळ्यात, साधारणपणे १० जून ते ३० सप्टेंबर ह्या काळात, नदीपात्रातून रेती काढण्यास राज्यात मनाई असते. मनाई लागू झाली की भाव चढतो; म्हणून मे महिन्यातच रेती काढून ठेवण्याची घाई होते. परवाना नसलेली रेती उघड्यावर ठेवता येत नाही. मग ती नदीनाल्याच्या काठावर, झुडपांच्या आडोशाला रचली जाते. टिप्परला वाट हवी म्हणून काठ कापला जातो आणि त्याची मातीही शेजारीच ढीग होऊन पडते. पुढे महसूल खात्याची धाड पडली तर पंचनामा होतो, साठा जप्त होतो, त्याचा लिलाव पुकारला जातो. ह्या सगळ्या कागदी प्रवासात ढीग मात्र जागचा हललेला नसतो, आणि पाऊस सुरू झालेला असतो.

काठाची ही पट्टी दिसायला बिनकामाची. तिच्यात धान होत नाही, तिचे भाडे येत नाही. पण अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर यांची मुळे दरड धरून ठेवतात. त्यांच्या पायथ्याशी वाढलेली निर्गुडी, लव्हाळा आणि गवत शेतांतून धावत येणाऱ्या पाण्याचा वेग मोडतात, आणि वेग मोडला की पाण्यातला गाळ तेथेच बसतो. सावलीमुळे उन्हाळ्यातही डोहाचे पाणी फार तापत नाही. पाण्यात पडलेल्या पानांवर किडे जगतात, किड्यांवर मासे, आणि माशांवर ढिवर बांधवांचे संसार.

आता ह्या पट्टीवर ढीग आला म्हणजे काय होते ते पाहू. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एक ब्रास रेतीचे वजन साडेचार ते पाच टनांच्या घरात जाते. पन्नास ब्रासचा, म्हणजे फार मोठाही नव्हे असा, ढीग काठावर सव्वादोनशे ते अडीचशे टनांचा भार टाकतो. चांगल्या भुसभुशीत मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते. तीतूनच हवा आणि पाणी खेळते. भाराखाली आणि चाकांखाली ती पोकळी मिटते. पावसाचे पाणी मुरत नाही, वरून घसरते आणि ढिगातली बारीक माती नाल्यात नेते. ती तळाच्या खड्यांमधल्या फटी बुजविते. कित्येक मासे नेमकी तेथेच अंडी घालतात. बुंध्याभोवती दोन-तीन हात भर साचली तर उभे झाडही गुदमरून काही वर्षांत वाळते. ते वाळते तेव्हा ढीग नाहीसा झालेला असतो, म्हणून कोणी ढिगाला दोष देत नाही. शेवटी जेसीबी येतो आणि ढिगासोबत खालची जिवंत मातीही खरवडून नेतो. मागे उरते ती विटेसारखी टणक जमीन. तिच्यावर पहिले पाहुणे येतात ते गाजरगवत आणि बेशरम.

अशाच एका प्रकरणात दंड भरून मोकळे झालेले एक सद्गृहस्थ आम्हांला म्हणाले, “फादर, सरकारने मागितले तेवढे दिले. मनाला लागत असेल तर चर्चच्या आवारात पन्नास झाडे लावून देतो.” त्यांच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. उलट आपल्यापैकी बहुतेकांनी हेच म्हटले असते. म्हणूनच ह्या वाक्यातल्या दोन्ही समजुती तपासून पाहाव्यात असे आम्हांस वाटते.

पहिली समजूत ही, की दंड म्हणजेच भरपाई. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील ४८ व्या कलमानुसार विनापरवाना काढलेल्या गौण खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो. ही रक्कम शासनाच्या तिजोरीत जाते आणि तिचा हिशेब रेतीच्या भावावर होतो. मोडलेल्या काठाची किंमत त्या हिशेबात कोठेच नसते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात परतफेडीच्या प्रश्नाचा ऊहापोह करताना हा भेद स्पष्ट केला आहे. त्यांच्या मते अपराधात दोन गोष्टी असतात: एकाचे कमी झाले ही विषमता, आणि ते कमी करणाऱ्याचा दोष. विषमता परतफेडीने दूर होते. दोषाचा समाचार न्यायाधीशाने ठरविलेली शिक्षा घेते. एक केल्याने दुसरे फिटत नाही. जक्कयाने चौपट देऊ केले ते ज्यांना नाडले होते त्यांनाच; सरकारी तिजोरीत भरून तो घरी गेला नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हाच भेद एका नदीकाठच्या प्रकरणात केला. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठावर एका हॉटेल कंपनीने पात्र खणून, काठावर दगडगोटे टाकून प्रवाह वळविला होता. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने निर्णय दिला, की नद्या आणि त्यांचे काठ शासनाकडे जनतेची ठेव म्हणून असतात, आणि बिघडलेली जागा पूर्ववत करण्याचा खर्च बिघडविणाऱ्याने सोसला पाहिजे. पुढे २००० साली न्यायालयाने म्हटले, की प्रदूषणाबद्दलचा दंड रीतसर खटला चालविल्याशिवाय लादता येणार नाही. नुकसानभरपाईची जबाबदारी मात्र कायम ठेवली. शिक्षा बाजूला ठेवली तरी देणे उरते, हे कायद्याच्या भाषेतही मान्य झाले आहे.

दुसरी समजूत अधिक गोड आहे, म्हणून अधिक फसवी. आवारात पन्नास झाडे लागली तर आम्हांला आनंदच होईल. सावली कोणाला नको? पण परतफेड कोणाला करायची, ह्या प्रश्नाला अक्वायनस यांचे उत्तर सरळ आहे: ज्याचे घेतले त्याला. तो कोण हे कसून शोध घेऊनही कळले नाही, तरच ते गोरगरिबांना द्यावे. येथे शोध घेण्याची गरज नाही. ज्याच्या बांधीत गाळ शिरला तो शेतकरी, ज्याच्या जाळ्यात मासा येईनासा झाला तो ढिवर, ज्या बाईचे धुणे गढूळ पाण्यात होते ती, हे सर्व नाल्याच्या खालच्या अंगाला राहतात आणि त्यांची नावे गावाला ठाऊक आहेत. घेणेकरी समोर उभा असताना देवाच्या दारी पैसे टाकणे हा व्यवहार देवाच्या नावावर खपविता येत नाही. एका ठिकाणचे जंगल तोडून दुसऱ्या ठिकाणी रोपे लावण्याची पद्धत आपल्या देशात कायद्याने रूढ झाली आहे, त्यामुळे ही समजूत आता प्रतिष्ठितही ठरू लागली आहे.

मग काठ परत द्यायचा तो कसा? ह्याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था ढिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षे काम करीत आहे. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव मालगुजारी गेल्यानंतर पोरके झाले. तळ घट्ट झाले, बेशरम माजली, पाणवनस्पती गेल्या आणि त्यांच्यामागून देशी मासेही गेले. ह्या मंडळींनी आधी बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरडा तळ नांगरून सैल केला आणि पाऊस पडल्यावर जेथे शिल्लक होत्या तेथून पाणवनस्पती आणून लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे पुस्तकात शोधण्याआधी त्यांनी ढिवरांच्या जाणत्या माणसांना विचारले.

काठाचेही तसेच आहे. ढीग कोरड्या दिवसांत, मूळ जमिनीच्या पातळीशी थांबून उचलावा लागतो. खालची टणक माती उताराला आडवी सैल करावी लागते. उभी नांगरली तर पहिलाच पाऊस ती नाल्यात नेतो. त्यावर धानाचा पेंढा पसरून स्थानिक गवताचे बी टाकायचे, निर्गुडीची छाटे खोचायची, आणि गवताने जमीन धरल्यावर अर्जुन-करंजाची रोपे लावायची. कुंपण हवे, नाहीतर जनावरे आठवड्यात सर्व फस्त करतात. एवढे करूनही पहिल्या वर्षी निम्मे मरते. पुन्हा लावावे लागते.

ज्याने हात तोडला त्याला हात परत देता येत नाही. त्याने शक्य तेवढी भरपाई करावी, असे अक्वायनस म्हणतात. गुदमरून गेलेला जुना अर्जुन हा असा हात आहे. परंतु काठ हा पूर्णपणे तुटलेला हात नाही, कारण तो जिवंत आहे आणि त्याला संधी दिली तर स्वतःचा बराचसा भाग स्वतःच भरून काढतो. म्हणजे येथे देणेकऱ्याकडून पैशांपेक्षा अधिक काही मागितले जाते. तीन-चार पावसाळे त्याने त्या जागेची राखण करायची असते. दंड एका दिवसात भरता येतो, आणि म्हणूनच तो स्वस्त वाटतो.

परतफेड कोणी करायची, ह्याची अक्वायनस यांनी केलेली यादी वाचताना आम्हांला नेहमी अवघडल्यासारखे होते. तीत प्रत्यक्ष घेणारा तर आहेच. शिवाय आज्ञा देणारा, सल्ला देणारा, संमती देणारा, वाटेकरी, आणि गप्प राहणाराही आहे. गप्प राहणाऱ्यावर आणि न अडविणाऱ्यावर देणे येते ते मुख्यतः अडविणे हे ज्याचे कर्तव्यच होते त्याच्यावर, अशी सवलत ते देतात. सामान्य माणसाला तेवढा आधार पुरेल. पण आपल्या धर्मग्रामात ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत, सरकारी नोकर आहेत, ट्रॅक्टरचे मालक आहेत, आणि घर बांधताना सिमेंटच्या पोत्यावरची तारीख पाहून रेतीच्या गाडीचा वाहतूक परवाना न पाहणारे तर आपण बहुतेक सर्व आहोत.

राहिला मुदतीचा प्रश्न. परतफेड तत्काळ करावी, आणि ती शक्य नसेल तर ज्याचे देणे आहे त्याच्याकडेच मुदत मागावी, असा नियम आहे. काठ तत्काळ देता येत नाही. म्हणून मुदत मागणे आले. ती तहसील कार्यालयात मागून भागणार नाही. नाल्याच्या खालच्या अंगाचे शेतकरी आणि ढिवर ज्या ग्रामसभेत बसतात, तेथे उभे राहून ती मागावी, आणि त्यांच्यापैकीच दोघांना घेऊन, ढीग उचलण्याआधी, जुन्या जमिनीची पातळी दाखविणारे खुंट ठोकून घ्यावेत.