हातातील साधन आणि मनातील मर्यादा

भोजनाचा शिष्टाचार हा नीतीचा भाग मानावा, की केवळ बाह्य सोपस्कार? या प्रश्नाचा विचार करताना थायलंडचे उदाहरण आम्हांला उद्बोधक वाटते. कारण त्या देशाने आपली भोजनाची साधने थोड्याच पिढ्यांत बदलली.

थाई माणूस उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा धरतो. काट्याने भात व कालवण चमच्यावर लोटावयाचे आणि घास चमच्यानेच घ्यावयाचा, अशी तेथील रीत आहे. भात खाताना काटा तोंडात घालणे अशिष्ट समजतात. सुरी ताटाशी नसते. चिरणे-कापणे स्वयंपाकघरातच उरकलेले असते. चिनी पद्धतीच्या काड्या मुख्यतः शेवयांच्या पदार्थांपुरत्या. उत्तरेकडे व ईशान्येकडे मात्र चिकट भाताचा लहानसा गोळा बोटांनी करून, तो कालवणात बुडवून, आजही हातानेच खातात.

पूर्वी सयाम देशात हाताने जेवण्याचीच चाल होती. एकोणिसाव्या शतकात राजा मोंगकुट आणि त्याचा पुत्र चुलालोंगकोर्न यांच्या काळात युरोपीय चमचे-काटे राजवाड्यात रुळले. पुढे १९३९ ते १९४२ या वर्षांत पिबुनसोंगक्राम यांच्या सरकारने राष्ट्र 'सुसंस्कृत' दिसावे म्हणून वेषापासून दिनचर्येपर्यंत अनेक आदेश काढले. परक्यांच्या नजरेत मोठे ठरण्याची इच्छा या साऱ्या परिवर्तनामागे होती, हे नाकारता येत नाही. मग अशा शिष्टाचाराला नैतिक मोल कोणते?

आमच्या मते ते मोल साधनात शोधू नये. थाई लोकांनी परकी साधने घेतली, पण सुरी वगळली आणि काट्याला चमच्याचा मदतनीस केले. जेवणाचा गाभा जुनाच राहिला. सर्व पदार्थ मध्यभागी मांडलेले असतात. प्रत्येकाने एका पदार्थाचे एक-दोन चमचे घ्यावेत, ते संपल्यावर दुसऱ्याकडे वळावे. एकदम ताट भरून घेणे हे हावरेपणाचे लक्षण मानतात. वाढून घेण्यासाठी 'चॉन क्लांग', म्हणजे मधला सामाईक चमचा असतो. २०२० सालच्या कोरोनाच्या साथीत त्याचा वापर करण्याविषयी लोकांना पुन्हा बजावण्यात आले. उष्ट्या-खरकट्याचा विवेक सांभाळणाऱ्या आपल्या वाचकांना यातील भाव निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा कसोटी एकच: हा नियम शेजारी बसलेल्याची काळजी वाहतो, की त्याला हिणवतो? सामाईक चमचा पहिल्या जातीचा नियम होय. परंतु चिकट भात हाताने खाणाऱ्या शेतकऱ्याला बँकॉकच्या एखाद्या शहरवासीयाने गावंढळ म्हटले, तर चमचा तोच असूनही शिष्टाचार लोपला आणि अहंकार तेवढा उरला.

हीच कसोटी आपणही स्वतःला लावावी. देवळातील महाप्रसादाच्या पंगतीत हाताने जेवणे आपल्याला पवित्र वाटते, ते योग्यच आहे. परंतु चमचा मागणाऱ्या एखाद्या वृद्धाकडे किंवा परगावच्या पाहुण्याकडे आपण तिरक्या नजरेने पाहिले, तर त्या पावित्र्याला उणेपणा येतो. शेवटच्या पानावर अन्न पडेपर्यंत पहिल्या पानावरचा माणूस थांबतो. पंगतीचा खरा आचार तो आहे. हात असो की चमचा, ते थांबणे ज्याला साधले, त्याला जेवावे कसे हे कळले असे आम्ही समजतो.