वाद्याचे पावित्र्य

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या अरण्यमुलखात दिवाळी सरल्यापासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांचे मंडप उभे राहतात. वडशाच्या मंडळ्या तेथे रात्ररात्र जागवितात, आणि रंगमंचापुढे तबल्याशेजारी जो ऑर्गन वाजत असतो, त्याचे कुळ ख्रिस्ती प्रार्थनामंदिरातील प्रचंड नळीवाद्याशी जाऊन भिडते, हे प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानी येत असेल. उपासनेचे वाद्य रंजनाच्या दारी आले म्हणजे त्याचे पावित्र्य उणावते काय?

या प्रश्नाचा निवाडा त्या वाद्याच्याच दप्तरात आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअसने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन रचला. पुढे रोमन लोकांनी तो, जेथे माणसे माणसांचा जीव घेत, त्या आखाड्यांत वाजविला, आणि आरंभीच्या ख्रिस्ती धर्माचार्यांनी तर वाद्यमात्रच उपासनेच्या हद्दीबाहेर ठेवले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बहुतांशी अजूनही केवळ मानवी कंठच गातो. ७५७ साली बायझंटाइन सम्राटाने फ्रँकांचा राजा पेपिन यास ऑर्गन धाडला, तोही दरबारी नजराणा म्हणून. ज्या वेदीला आपण त्याचे माहेर समजतो, तेथे तो सासरीच आला होता!

१८४२ साली पॅरिसच्या दबेंने हार्मोनियमचे पेटंट घेतले. नळ्या गेल्या, पितळी पत्त्या राहिल्या, आणि लहान प्रार्थनामंदिरांस परवडेल असे वाद्य सिद्ध झाले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता पायाकडून हाताकडे आणला, तेव्हा तीच पेटी आपल्या भजनी मंडळात मांडी घालून बसली. हे रूपांतर निर्दोष होते असे मी म्हणणार नाही: तिच्या ठरीव स्वरांतून मींड निघत नाही, आणि याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके तिला हद्दपार केले. आक्षेप रास्त होता. परंतु तो श्रुतींचा होता, धर्माचा नव्हता.

उलट दिशेची वाटही वाहती होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत नेले, आणि त्यामुळे अभंग बाटला असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. पावित्र्य लाकडात वा पितळेत वतनासारखे मुरत नसते. वाजविणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या भावाने ते प्रत्येक वेळी नव्याने मिळवावे लागते, आणि ते देवळात मिळेलच व मंडपात मिळणारच नाही, असा ताम्रपट कोणापाशीही नाही. तेव्हा पेटीला परकी म्हणणाऱ्याने आणि नाटकाच्या ऑर्गनला भ्रष्ट ठरविणाऱ्याने, दोघांनीही आधी तिची वंशावळ वाचावी.