घड्याळजीची पालखी

१८०० साली स्कॉटलंडहून कलकत्त्यास आलेला डेव्हिड हेअर पेशाने घड्याळजी. परंतु बरकतीत असलेला तो धंदा मित्राच्या हवाली करून, परमुलखातल्या मुलांच्या विद्यार्जनापायी ज्याने आपली शिल्लक आणि उरलेले आयुष्य खर्ची घातले, त्या या गृहस्थाच्या पालखीमागे गरिबांची पोरे मोफत प्रवेशासाठी धावत असत. शाळेच्या दरवाजाशी तो टॉवेल घेऊन उभा राही आणि मळकट पोर दिसले की स्वहस्ते त्याचे अंग पुसून काढी. (सरकारी दप्तरात अशा कामाचा हुद्दा, मला वाटते, नसावाच!) १८४२च्या जूनमध्ये पटकीने तो गेला, तेव्हा भर पावसात लोकांची रीघ त्याच्या शवामागून चालली आणि हिंदू कॉलेजाच्या समोरच त्याला मूठमाती मिळाली.