अविश्वासाची मास्टर डिग्री

शिक्षक निवृत्त झाला की तो गावाचा रबरी शिक्का होतो. वर्गात असताना ज्यांनी आमचा शब्द ऐकला नाही, तेच आता आमच्या दोन ओळींसाठी दारात उभे राहतात. कुणाच्या पोराला नोकरी पाहिजे, कुणाच्या भाच्याला वसतिगृहात जागा पाहिजे; सगळ्यांना लागतो तो एकच कागद, वर्तणुकीचा दाखला. ‘सदर उमेदवारास मी गेली अमुक वर्षे व्यक्तिशः ओळखतो. त्याची वर्तणूक चांगली आहे.’ हे वाक्य आता मला नव्हे, माझ्या हाताला पाठ आहे. चांगली वर्तणूक म्हणजे नेमकं काय हो, असं मला इतक्या वर्षांत एकाही साहेबाने विचारलं नाही. विचारलं ते एका संगणकाने.

त्याचं असं झालं. आमच्या गल्लीतली एक मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी, लातूरला संगणकाचं बी. एस्सी. करून तिथेच नोकरीला लागली आहे. रोज एस. टी. ने जाऊन-येऊन करते. तिच्या मनाने घेतलं की आपण सायबर सुरक्षेत मास्टर डिग्री करायची, आणि तीही ऑनलाइन, म्हणजे नोकरी न सोडता. आमच्या काळी याला ‘बाहेरून बसणं’ म्हणत. ‘काय करतोस?’ ‘बाहेरून बी. ए. करतोय.’ ऐकणारा लगेच चहाचा कप अर्धा भरायचा. आता तसं राहिलेलं नाही. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच धरावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्टच सांगून टाकलं. चहा पूर्ण भरावा लागतो.

मुलीने आधी परदेशाकडेही नजर टाकून पाहिली. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेने २०१९ साली या विषयाची ऑनलाइन मास्टर डिग्री काढली ती दहा हजार डॉलरांच्या आत, म्हणजे तिकडच्या हिशेबाने अगदीच स्वस्तात. त्या दहा हजारांचे रुपये केल्यावर आठ लाखांच्या वर गेले आणि मुलीच्या वडिलांनी विषय तिथेच थांबवला. मग इथल्याच एका विद्यापीठाचा अर्ज भरायचा ठरला.

अर्जाची पहिली अडचण म्हणजे आमचं गाव. मुरुड म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो, नारळ येतात आणि पाठोपाठ जंजिरा येतो. आमचं मुरुड त्यांतलं नव्हे. आमचं लातूर-बार्शी रस्त्यावरचं. पण अर्जातल्या गावांच्या यादीत सापडलं ते एकच मुरुड, रायगड जिल्ह्यातलं. ज्या जिल्ह्याला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या मुलीला यंत्राने एका बोटासरशी अरबी समुद्राच्या काठावर नेऊन बसवलं! ते दुरुस्त व्हायला चार दिवस लागले.

तिसरं एक मुरुड दापोलीजवळ आहे, महर्षी कर्व्यांचं. तिथून कर्वे सतराव्या वर्षी परीक्षेसाठी डोंगर तुडवत पायी साताऱ्याला गेले, आणि ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. ओळख पटवण्याची कटकट आजची नाही, हे सांगायला हे उदाहरण पुरे. फरक एवढाच, की तेव्हा परीक्षा साताऱ्याला होती आणि आता ती घरात येते. कॅमेऱ्यापुढे चेहरा दाखवा, ओळखपत्र दाखवा, मान डावीकडे वळवा, खोलीत दुसरं कोणी नाही हे दाखवा. आमच्या गल्लीतल्या घरात दुसरं कोणी नाही अशी खोली दाखवायची, म्हणजे आधी पाच माणसं आणि एक शेळी शेजारी पाठवावी लागतात.

पण खरी हरकत घेतली ती मुलीच्या आजीने. नात काय शिकणार हे तिने नीट समजून घेतलं. चोर संगणकात कसा शिरतो, कुठली फट शोधतो, खोटं पत्र कसं लिहितो, हे सगळं आधी स्वतः करून पाहायचं आणि मग ती फट बुजवायची. आजी म्हणाली, ‘‘म्हंजी चोऱ्या कशा करायच्या ते शिकायलीस? अन् वरून फी बी भरायलीस?’’

सगळे हसले, पण मला काही हसता येईना. कारण म्हातारीने नीतिशास्त्रातला एक जुनाच प्रश्न विचारला होता. वाईट गोष्टीचं ज्ञान हे स्वतः वाईट असतं का? आणि जो ते घेतो, त्याच्यावर आपण विश्वास कुठल्या आधारावर ठेवायचा?

आपल्याकडे या विषयाचे आद्य तज्ज्ञ म्हणजे ‘मृच्छकटिका’तला शर्विलक. शूद्रकाचं संस्कृत नाटक, देवलांनी मराठीत आणलेलं. हा गृहस्थ ब्राह्मण, विद्वान आणि घरफोड्या. चारुदत्ताची भिंत फोडताना माप घ्यायची दोरी विसरली, तर गळ्यातल्या जानव्याने माप घेतो. भोक कमळाच्या आकाराचं पाडावं की घड्याच्या, याचा शास्त्रशुद्ध विचार करतो. सकाळी चारुदत्तसुद्धा ते भोक बघून कारागिरीचं कौतुक करतो! शर्विलकाकडे ज्ञान होतं, हत्यार होतं, जानवंही होतं. यांतलं एकही त्याला चोरीपासून अडवू शकलं नाही.

याच्या उलट गोष्ट लंडनची. जोसेफ ब्रामा नावाच्या कारागिराने अठराव्या शतकाच्या अखेरीस आपलं एक कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडलं आणि ते किल्लीवाचून उघडणाऱ्याला दोनशे गिनी बक्षीस लावलं. सहा दशकं कुलूप उघडलं नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाचा अमेरिकन आला आणि सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खटपट करून त्याने ते उघडलं. लोकांत खळबळ उडाली. अशा गोष्टी उघड केल्याने चोरांना शिकवणी मिळते, अशी ओरड झाली. आपल्या आजीचाच मुद्दा, फक्त टोपी घातलेल्या साहेबांनी मांडलेला. त्यावर उत्तर असं निघालं, की चोरांना हे आधीच माहीत असतं. माहीत नसतं ते कुलपाच्या मालकाला.

हे उत्तर चोख आहे. आपल्याकडे त्याचा पुरावा २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत मिळाला. चोरांनी ना तिजोरी फोडली ना भिंत. एटीएममधून पैसे द्यावेत का, असा प्रश्न ज्या यंत्रणेकडे जातो, तिच्या जागी त्यांनी आपला खोटा होयबा बसवला. कोणत्याही कार्डाबद्दल विचारलं की तो म्हणे, ‘आहेत, पैसे आहेत, द्या.’ मग अठ्ठावीस देशांतल्या एटीएमांमधून आणि आपल्या कोल्हापुरातूनही नोटा निघत राहिल्या. सगळं मिळून चौऱ्याण्णव कोटींवर रक्कम गेली. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा केली. म्हणजे गुन्हा काय, तर एका यंत्राने दुसऱ्या यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवला. मुलगी म्हणते, या धंद्यात २०१० पासून ‘झिरो ट्रस्ट’ नावाचं तत्त्व आलं आहे: घरातला असो की बाहेरचा, ओळखीचा असो की पाळखीचा, दर वेळी तपासल्याशिवाय आत घ्यायचं नाही. मी म्हटलं, ‘‘पोरी, ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपल्या किराणा दुकानात त्याच्याही आधीपासून आहे.’’

तरी मन म्हणतं, असा अविश्वास शिकत शिकत माणूस शेवटी माणसांतून उठत तर नाही ना? शनिशिंगणापूरला घरांना दारं-कुलपं नसत. २०११ मध्ये तिथे बँकेने शाखा काढली तीसुद्धा कुलपाशिवाय. केवढा हा भरवसा! आणि २०२५ साली त्याच देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भक्तांकडून पूजेचे पैसे उकळल्याच्या तक्रारी झाल्या, विषय विधानसभेपर्यंत गेला. ज्या गावात चोर दारातून शिरायला भीत होता, तिथे तो भक्ताच्या मोबाइलमधून शिरला. तिथे शनीला पाहता येतं की नाही हे मला ठाऊक नाही. पण अर्जातल्या विषयांची यादी वाचल्यावर वाटलं, पाहायला कुणीतरी शिकलेलं असलं तर शनिमहाराजांचीही हरकत नसावी.

इतका विचार होईपर्यंत माझ्या मोबाइलवर विद्यापीठाचं पत्र येऊन पडलं होतं. ‘आपण अमुक उमेदवाराचे शिफारसदार आहात. सात दिवसांत खालील लिंक दाबा, अन्यथा अर्ज रद्द होईल.’ आता या मुलीनेच आम्हा म्हाताऱ्यांना देवळाच्या पारावर बसवून लबाड पत्राच्या तीन खुणा शिकवल्या होत्या: अनोळखी पत्ता, घाई आणि धमकी. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यातच नाही, कुणी व्हिडिओवर पोलीस होऊन धमकावलं तर फोन ठेवायचा, पैसे गेले तर १९३० ला लगेच फोन करायचा, हेही तिनेच पाठ करून घेतलेलं. या पत्रात तिन्ही खुणा हजर. मी लिंक दाबली नाही. पाचव्या दिवशी ती धावत आली.

‘‘सर, काय करायलाव? पत्र अजून टाकलं नाही का हो?’’

‘‘लिंक आली होती. तूच म्हणालीस दाबू नका.’’

ती दोन मिनिटं गप्प. मग रागवावं की पाया पडावं, हे न कळून हसायला लागली. विद्यापीठाची खरी वेबसाइट तिने स्वतः शोधली, त्यावरच्या नंबराला फोन लावला, पत्र त्यांचंच असल्याची खात्री केली आणि मगच माझं बोट त्या लिंकवर टेकू दिलं. अविश्वास शिकवणाऱ्या संस्थेचं पहिलं पत्र लबाडासारखं दिसावं, यात त्यांची काही शैक्षणिक योजना असेल तर देव जाणे.

आत गेल्यावर संगणकाने विचारलं: उमेदवाराची सचोटी कशी आहे? वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत, की पंचवीस टक्क्यांत? आणि खाली चौकट: ‘एका उदाहरणासह स्पष्ट करा.’ हात नेहमीच्या वाक्याकडे धावला, पण त्या वाक्यात उदाहरण नव्हतं.

मग मला आमच्या गल्लीतली संध्याकाळ आठवली. ही मुलगी लातूरहून आली की ओट्यावर लोक मोबाइल घेऊन थांबलेले असतात. कुणाची पेन्शन जमा झाली का बघायची, कुणाचं अनुदान, कुणाचं लाइटबिल. ‘‘ताई, एवढं बघ की.’’ लोक मोबाइल तिच्या हातात देऊन मोकळे होतात. खुद्द तिची आजी आपला पिन गल्लीला ऐकू जाईल असा ओरडून सांगते. तो पिन म्हणजे थोरल्या नातवाचं जन्मसाल, त्यामुळे ओरडली नाही तरी गावाला ठाऊकच आहे. या मुलीने मनात आणलं तर निम्म्या गल्लीचा पैसा तिच्या दोन बोटांवर आहे. आणि ती काय करते? पिन टाकायची वेळ आली की मोबाइल त्या माणसाच्या हातात परत देते, ‘‘तुमचं तुम्ही टाका,’’ म्हणते आणि मान फिरवते. समोर कोणी निरक्षर म्हातारी असली, तिला आकडे सापडायला पाच मिनिटं लागली, मागे रांग कुरकुरू लागली, तरी मान तिकडेच.

मी टक्क्यांचा रकाना सोडून दिला. पण रिकामा ठेवला तर यंत्र पुढे जाऊ देईना, म्हणून कुठलीतरी टक्केवारी टिचकीला लागली. चौकटीत मात्र तेवढंच लिहिलं: समोरचा माणूस पिन टाकताना ही मुलगी मान फिरवते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आजीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मी असं दिलं, की फट दिसणं हा गुन्हा नाही. शर्विलकालाही दिसली, हॉब्सलाही दिसली. पाहायला येतं म्हणून पाहायचंच का, प्रश्न एवढाच आहे. आणि तुझी नात संदेशावर अविश्वास ठेवते तो तुझ्यासारख्यांना माणसांवर विश्वास ठेवता यावा म्हणूनच. आजीने सुपारी कातरली. म्हणाली, ‘‘मग ती मान फिरवायचं कोणत्या वर्गात शिकिवत्यात?’’

मी चष्मा लावून अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून वाचला. नेटवर्क आहे, गुप्तलेखन आहे, कायदा आहे, प्रकल्प आहे. मान फिरवणं कुठे नाही. तेवढा विषय बाहेरूनच करावा लागतो.