पान मुळाचे देणे लागते काय?

जो वर आहे तो खाली असलेल्यास काही देतो, तेव्हा तो उपकार करितो की ऋण फेडितो? हा प्रश्न घरोघरी उठतो. शिकून नोकरीस लागलेला मुलगा गावी पैसे पाठवितो आणि मनात म्हणतो, “मी यांना पोसतो.” त्याचे म्हणणे खरे आहे काय? वाचकहो, याचा निवाडा करण्यापूर्वी आपण बांधावरच्या झाडाकडे पाहू.

झाडाच्या अंगात दोन वाटा आहेत. पहिली लाकडातून जाते. तिच्या नळ्यांस जलवाहिन्या म्हणतात. मुळांनी जमिनीतून घेतलेले पाणी व क्षार या वाटेने पानांस पोहोचतात. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ उडून जाते, आणि पाण्याचे कण एकमेकांस घट्ट धरून असल्यामुळे खालचे पाणी वर ओढले जाते. इंग्लंडातील टेडिंग्टन गावचे पाळक स्टीफन हेल्स यांनी सूर्यफुलाचे एक रोप कुंडीसह वारंवार तोलून पाहिले. दिवसाच्या बारा तासांत ते सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक, पाणी हवेत सोडीत होते. हा प्रयोग त्यांच्या १७२७ सालच्या ग्रंथात आहे. इतके पाणी मूळ रोज मुकाट्याने पुरविते.

दुसरी वाट सालीच्या आतल्या थरातून जाते. तिच्या नळ्या म्हणजे रसवाहिन्या. पान उन्हात साखर तयार करिते, आणि ती या वाटेने मुळास, फळास व कोवळ्या कोंबास जाते. अंधारात राहणाऱ्या मुळास स्वतःचे अन्न करिता येत नाही.

आता, झाड न तोडता वाळवावयाचे असले म्हणजे बुंध्याभोवती सालीचे एक कडे काढून टाकितात, हे आपणांस ठाऊक आहे. लाकूड शाबूत असल्यामुळे पाणी वर चढतच राहते, परंतु साखर खाली उतरत नाही. इटलीतील मालपीगी याने सतराव्या शतकात असे कडे काढून पाहिले, तेव्हा कड्याच्या वरची साल फुगून आली. वर साठा झाला, खाली उपास पडला. तरी पाने हिरवीच! मूळ आपल्या जुन्या साठ्यावर जगते आणि पाणी पाठवीत राहते. कित्येकदा असे झाड महिनेच्या महिने हिरवे दिसते. शेवटी मूळ मरते, पाणी बंद होते, आणि मग पान सुकते.

पान म्हणेल, “साखर मी केली, ती माझीच.” परंतु ज्या पाण्यापासून ती केली ते कोणी आणिले? शिवाय पळसाकडे पाहा. फाल्गुनात त्याच्या अंगावर बहुधा पान नसते, तरी तो फुलांनी पेटतो. ते अन्न कोठून आले? पाने असताना साखर खाली गेली व खोडामुळांत साठून राहिली, तीच गरजेच्या वेळी वर आली. खाली दिलेले वाया गेले नाही. तर मग पानाच्या देण्यास उपकार म्हणणे योग्य नव्हे; ते देणेच आहे.

कोणी म्हणेल की, झाडास इच्छा नाही. पान देते यात त्याचे पुण्य काय, आणि मनुष्याने त्यापासून कर्तव्य कसे शिकावे? आक्षेप रास्त आहे. झाड आज्ञा करीत नाही. कर्तव्य मनुष्याने आपल्या विवेकबुद्धीनेच ओळखिले पाहिजे. परंतु देणे अडविले असता काय होते हे झाड दाखविते, आणि ते फळ उशिरा दिसते हेही दाखविते. मनुष्य फसतो तो या उशिरामुळेच. वृद्ध आई तक्रार करीत नाही, शेतमजूर कमी मजुरीवरही कामास येतो, म्हणून घरचे व गावचे सर्व ठीक चालले आहे असे आपण समजतो. खालून पाणी येत आहे, एवढ्यावरून खाली अन्न पोहोचते असे सिद्ध होत नाही.

म्हणून जो आज हिरवा आहे त्याने आपल्या हिरवेपणाकडे पाहून समाधान मानू नये. आपल्या बुंध्याची साल शाबूत आहे काय, हे त्याने वेळीच खाली वाकून पाहावे.