गुपिताचं आयुष्य

क्रेडिट कार्डाचा नंबर चोरीला गेला तर बँक नवं कार्ड देते. एखाद्या बाईच्या बीआरसीए-१ या स्तनाच्या कर्करोगाशी निगडित जनुकात दोष असल्याचा रिपोर्ट मात्र रद्द करून नवा मागवता येत नाही. तो त्या बाईच्या हयातभर खराच राहतो. शिवाय तिच्या प्रत्येक अपत्याकडे तो दोष जाण्याची शक्यता निम्मी. म्हणजे हे गुपित लेकीच्या लग्नापर्यंत, नातीच्या विम्यापर्यंत जपायचं.

लॅबमधून रुग्णालयाकडे निघालेला हा रिपोर्ट बहुधा एईएस या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीनं कुलूपबंद असतो. २५६ बिटांची किल्ली असेल तर हे कुलूप क्वांटम संगणकालाही दाद देणार नाही. अडचण किल्लीची आहे. ती दोन्ही टोकांना ठरवून घ्यावी लागते, आणि तिथे आरएसए किंवा इलिप्टिक कर्व्हचं गणित वापरलं जातं. पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे गणित सोडवू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं.

तसा संगणक अजून नाही. पण चोराला घाई कुठे आहे? वाटेवरचा मजकूर, किल्लीच्या देवाणघेवाणीसकट, तो आज नुसता उतरवून ठेवतो, संगणक आला की उघडायला. साठवायला खर्च तो कितीसा!

मिकेले मोस्का या संशोधकानं याचा साधा हिशेब मांडला आहे. गुपित किती वर्षं टिकायला हवं आणि कुलपं बदलायला किती वर्षं लागतील, यांची बेरीज करा. तो संगणक त्याआधी येणार असेल, तर उशीर झालेलाच आहे. आरोग्याच्या नोंदींत पहिलाच आकडा पन्नासच्या घरात जातो. दुसराही लहान नाही. एमआरआयचं यंत्र दहा-दहा वर्षं चालतं आणि त्यातल्या सॉफ्टवेअरला सहसा कोणी हात लावत नाही. मग संगणक दहा वर्षांनी येवो की वीस, बेरीज पुढेच धावते.

नवी कुलपं तयार आहेत. अमेरिकेच्या निस्ट संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये किल्ली ठरवण्यासाठी एमएल-केईएम हे मानक जाहीर केलं. त्याची मधल्या ताकदीची सार्वजनिक किल्ली १,१८४ बाइटांची. एक्स-२५५१९ या प्रचलित पद्धतीत ३२ पुरतात. सर्व्हरला हा फरक जाणवतही नाही, शरीरात बसवलेल्या बॅटरीवरच्या उपकरणाला जाणवू शकतो.

उतरवून नेलेल्या प्रतींना नवं कुलूप लावता येत नाही. म्हणून सुरुवात अपॉइंटमेंटच्या वेळांपासून नको. जनुकीय चाचण्या, मनोविकाराच्या नोंदी, एचआयव्हीचे अहवाल यांचा प्रवास आधी सुरक्षित करायला हवा.